आप्पांच्या दुकानातल्या सात तारा

परळीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं त्या काळात लोक माझ्याकडे काहीही घेऊन यायचे. मिक्सर, बँडवाल्यांचा भोंगा, देवाच्या फोटोमागे फिरणारं दिव्यांचं चक्र. एकाने तर सासऱ्याचं कानाचं मशीन आणलं होतं, सासऱ्यासकट. मी कुणाला नाही म्हणत नसे. येत नसलेलं कामही येतं असं सांगायचं, आणि गिऱ्हाईक गेलं की पुस्तक उघडायचं, ही माझी पद्धत. पण "ही मशीन हाय का दुसरं काय, एवढंच सांगा" असं काम घेऊन आलेला माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला.

नव्वदीची अखेर होती. गावोगाव एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, गच्च्यांवर केबलवाल्यांच्या छत्र्या आल्या होत्या. हैदराबाद-मुंबईकडच्या हॉटेलांनी आणि ऑफिसांनी टाकून दिलेली परदेशी यंत्रं आमच्याकडे नवी म्हणून मिरवायची. त्यांच्याबरोबर माहितीचा कागद कधी यायचा नाही. बसवणारा यायचा, बसवून जायचा आणि पुन्हा सापडायचा नाही. त्यामुळे आम्हा मेकॅनिक लोकांचं निम्मं आयुष्य कुणातरी अनोळखी माणसाने जोडलेल्या तारा ओळखण्यात गेलं.

तर हा माणूस धर्मापुरीच्या रस्त्यावरच्या एका बाजाराच्या गावातला. कपड्याचं मोठं दुकान, वर राहतं घर. वडील वारून दहा महिने झाले होते. वडिलांना सगळा मुलूख आप्पा म्हणायचा, मीही म्हणायचो. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं हळू. तीन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा त्याच्या बायकोला त्यांनी घरात कोंडून ठेवलं नाही. चार महिन्यांत तिला दुकानात आणून ब्लाऊजपीसच्या काउंटरवर बसवलं. आमच्याकडे त्या वेळी ही लहान गोष्ट नव्हती. लोक त्यांचं नाव काढायचे. मी स्वतः दोनदा त्यांच्या पाया पडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

थोरला मुलगा माझ्या स्टुलावर बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, "दुकानात छताला एक काळा घुमट हाय. आप्पांनी हैदराबादहून आणलेला. क्यामेरा."

"मग?"

"आप्पा म्हणायचे, आत कायबी न्हाई, नुसता चोराला भ्या दाखवाया भोपळा टांगलाय. दिवा लागतो तेवढीच लाईट जोडलीय म्हणे. पर आता आप्पा गेल्यापासून लाईट आली का ते फिरतंय."

"फिरतंय म्हणजे?"

"आतला डोळा गिरकी घेतोय. एक सगळी गिरकी, आन् मग थांबतोय. दर बारीला एकाच जागी." तो थांबला. "धाकटीच्या जागी."

आमच्या भागातली विजेची तऱ्हा काय सांगावी. परळीच्या वीजकेंद्राची धुराडी दहा-दहा कोसांवरून दिसायची आणि त्यांच्याच पायथ्याची गावं दिवसातून सहा-सहा तास बिनलाईटची असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही रोज बघायचो. म्हणजे रोज दोनदा तरी लाईट यायची, रोज दोनदा तो डोळा फिरायचा, आणि भरल्या दुकानात रोज दोनदा एका विधवा सुनेवर येऊन थांबायचा.

घरच्यांनी तिची जागा बदलून पाहिली. तिला परकर-साड्यांच्या बाजूला बसवलं. डोळा तिच्या मागे गेला नाही. तो तिच्या जुन्या, रिकाम्या जागेकडेच बघत राहिला. एखाद्याला वाटलं असतं की चला, संपलं. पण घरच्यांनी अर्थ काढला की आप्पा तिला शोधतायत. मग तिला परत जुन्या जागी आणून बसवलं, निदान शोधायला तरी लागू नये म्हणून. दसऱ्याला कात्री, गज, तराजू यांची पूजा झाली तेव्हा शिडी लावून त्या घुमटालाही भस्माचे तीन पट्टे ओढले, अगदी डोळ्यासमोर, आप्पांच्या कपाळावर असायचे तसे.

"आई म्हणती, आप्पांचं हिच्यात काहीतरी अडकलंय," थोरला म्हणाला. "आप्पांच्या वर्षाची आराधना दोन महिन्यांवर हाय. तिचा भाऊ येनार, तवा तिला माहेरी लावून द्यायची ठरलंय. कायमची. लोकबी बोलाय लागलेत, आप्पांना हिनंच कायतरी दुखवलं असंल. म्हून म्हणलं, त्याच्या आधी एकदा जानकाराला दाखवावं. खाली मातर उतरवायचा न्हाई. वर्ष होईस्तोवर हलवू नका असं मठातल्या स्वामींनी सांगितलंय. नुसत्या तारा बघायच्या."

तिला माहेरी चुलत भावाच्या दारात जायचं होतं, आईवडील नव्हते. हे त्याने सांगितलं नाही, मला गावावरून माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिच्यापेक्षा त्या घुमटाचंच जास्त कुतूहल होतं. फिरता कॅमेरा मी तोवर फक्त चित्रात बघितला होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पोचलो. मुद्दाम लाईट जायच्या वेळेला, कारण चालू तारांना हात लावायची हौस मला नाही. दुकान लांबोडकं. दारातून शिरलं की डाव्या हाताला आप्पांची गादी, पांढरीशुभ्र खोळ घातलेली. तीवर कुणी बसायचं नाही. मागे आप्पांचा हार घातलेला फोटो. उजव्या बाजूला, खोलवर, ब्लाऊजपीसचे गठ्ठे आणि त्यांच्यामागे धाकटी. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा कापड मोजायला लागली. छताच्या मधोमध तो घुमट. काळसर काचेसारखा, मोठ्या नारळाएवढा, त्यावर वाळलेलं भस्म. शिडीवर चढून मी जवळून बघितलं. काळ्या पारदर्शक कवचाच्या आत भिंग होतं, आणि ते खरोखरच तिच्याकडे वळलेलं होतं. बंद होतं तरी बघत असल्यासारखं वाटत होतं. मी शिडीची बाजू बदलली.

वरच्या झाकणातून सात तारा बाहेर येत होत्या. रंगांवरून काही कळेल म्हणावं तर दिवाळीला रंग देणाऱ्याने छताबरोबर तारांनाही पांढरा ऑइलपेंट फासला होता. पात्याने खरवडलं. लाल निघाली. हातभर पुढे जोड होता, तिथे लाल तार हिरवीला जोडलेली, पिवळी काळीला. बसवणाऱ्याच्या पिशवीत जे तुकडे होते ते त्याने लावले होते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात; त्यात तारेचा रंग घालायला हरकत नाही. तारेला रंग विचारायचा नाही, काम विचारायचं. त्यासाठी मीटर लागतो आणि सबुरी लागते. मीटर माझ्याकडे चांगला होता.

दोन जाड तारा मीटरवर लगेच बोलल्या. त्या माळ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे जात होत्या. ही कॅमेऱ्याची वीज. दोन आखूड तारांची टोकं चिकटपट्टीने बांधलेली, त्या घंटी जोडायच्या आणि न वापरलेल्या. दोन बारीक तारा एकमेकींना पीळ घातलेल्या. या मला माझ्या पुस्तकामुळे ओळखता आल्या. या हुकमाच्या तारा. यांच्यातून कॅमेऱ्याला सांगायचं असतं, डावीकडे वळ, वर बघ, जवळ जा. थोरल्याला मी वरूनच म्हणालो, "आत काहीच नाही म्हणत होते ना आप्पा? हा तर हुकमानं फिरणारा आहे."

सातवी तार म्हणजे केबल टीव्हीची असते तशी गोल जाड केबल. चित्राची तार. ती मी कॅमेऱ्यापासून सोडवली आणि सवयीने तिच्या मधल्या तारेला आणि जाळीला मीटर लावला. दुसरं टोक तुटलेलं किंवा मोकळं असणार, म्हणजे काटा हलायला नको होता. काटा हलला. पंचाहत्तर ओहमच्या आसपास येऊन उभा राहिला. मी पुन्हा लावून बघितला. पुन्हा पंचाहत्तर.

हा आकडा मोकळ्या केबलीत येत नाही. पलीकडच्या टोकाला टीव्ही किंवा तसा पडदा जोडलेला असेल तरच येतो. म्हणून मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखा, शिडीवरून मोठ्याने म्हणालो, "पलीकडे कुणीतरी आहे."

खाली सगळं थांबलं. कापड फाडायचा आवाज, गिऱ्हाइकांची कुजबुज, सगळं. एका म्हातारीने हातातला खण खाली ठेवला आणि चपला न घालताच रस्त्यावर गेली. धाकटीची कात्री कापडात अर्ध्यावर थांबलेली होती. ती घुमटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं पण कळलं नाही. मी चुकलो म्हणालो, समजावलं, पडदा जोडलाय असं म्हणायचं होतं म्हणालो. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"पडदा कुठला?" थोरला म्हणाला. "आमच्या घरात एकच टीव्ही हाय, त्याला केबल हाय."

मग मी केबल परत जोडली आणि तिच्या मागे निघालो, थोरला माझ्या मागे. लाकडी पट्टीच्या आतून ती कपाटांमागून गेली, माळ्यावर चढली, हुकमाच्या दोन तारा बरोबर घेऊन वरच्या मजल्यावर निघाली. व्हरांड्यातून, स्वयंपाकघराच्या बाहेरून, आणि शेवटी एका बंद दाराच्या चौकटीतून आत गेली. ती आप्पांची खोली. ते गेल्यापासून सोमवारी दिवा लावायला तेवढी उघडायची. किल्ली त्यांच्या बायकोच्या कमरेला. घरात सगळे त्यांना आई म्हणायचे, मीही तेच म्हणालो.

"आई, दार उघडावं लागंल."

त्या जात्याजवळ बसल्या होत्या. उठल्या नाहीत. "कावून?"

"तार आत गेलीय."

बराच वेळ त्या माझ्या मीटरकडे बघत होत्या. मग उठल्या, थोरल्याला म्हणाल्या, "तू खाली जा. गिऱ्हाईक हाय." तो गेल्यावर त्यांनी कुलूप काढलं.

खोलीत भस्माचा आणि बंद कपड्यांचा वास. एक बाज, एक लाकडी कपाट, आणि कपाटासमोर खुर्ची. खुर्चीवर उशी. कपाटाकडे तोंड करून कोण बसतं? तारा कपाटाच्या मागच्या फळीतून आत शिरल्या होत्या. आईंनी दुसरी किल्ली दिली, मी मागितली नव्हती तरी. घडी घातलेल्या शालींच्या मागे वीतभर पडद्याचा काळा-पांढरा टीव्ही निघाला आणि त्याच्यापुढे एक डबा, आकड्यांची बटणं असलेला, मधोमध उभा दांडा. सगळ्यावर धुळीचा थर होता. धुळीखाली दांड्याचं टोक अंगठ्याने घासून घासून गुळगुळीत झालेलं होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भुताने येत नाही तसा, माणसाने येतो तसा.

दोन वाजता लाईट आली. खालून घुमटाची घरघर मला वर ऐकू आली, एक सगळी गिरकी, आणि मग शांतता. मी पडद्याचं बटण दाबलं. नुसतं दूध दिसायला लागलं. भिंग खराब झालं असेल असं वाटलं, मग लक्षात आलं: दसऱ्याचं भस्म. जिन्यातून मी ओरडलो, "तो घुमट पुसा कुणीतरी!"

खालून थोरल्याचा आवाज आला, "पुसा की रं." कुणी शिडीला हात लावेना. आप्पांच्या कपाळावरचं भस्म पुसायला कुणाचा हात धजणार? मग शिडी करकरली. मी पडद्यासमोर परत आलो. त्या दुधात एक मोठा काळा डाग उगवला, जवळ आला, त्याची बोटं झाली. एका बाईचा हात. फडक्याने एकदा, दोनदा, तीनदा पुसलं, आणि हात खाली गेला.

चित्र लख्ख झालं. पांढरी भिंत, तिच्यात एक खिळा, बाजूला फळीची कड. बस्स. मी वेड्यासारखा बघत राहिलो. एवढा खटाटोप करून कुणी कोऱ्या भिंतीकडे कशाला बघेल? तेवढ्यात धाकटी चौकटीत आली आणि आपल्या जागेवर बसली. तिचा चेहरा आणि गळा त्या चौकटीत बरोबर मावला. वर बोटभर जागा नाही, खाली बोटभर जागा नाही, मापाने बेतल्यासारखा. इतक्या जवळून, की कानातली कुडी दिसत होती, कपाळावरची जखमेची खूण दिसत होती. तिने मानेवरचा घाम पदराने टिपला. तिच्या डोक्यावर, पंधरा पावलांवर बसून, मी ते बघत होतो.

मी झटकन नजर काढली. आई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"दुपारची आतून कडी लागायची," त्या म्हणाल्या. "आत काय हाय ते मी कधी बघितलं न्हाई. पर बायकोला दार वाजवायची भ्या कावून वाटती, ते तिला कळतंय की."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? तू बोलला असतास?"

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. त्यांचा, आप्पांचा, की दोनदा वाकलेल्या माझ्याच पाठीचा. मी म्हणालो, "आणि आता तिलाच घालवताय?"

त्या वळल्या. "मी घालवत न्हाई, लेकरा. मी तिला काढून देते. मला वाटलं व्हतं, गेले का सुटंल पोरगी. गेले, तरी डोळा तिच्यावरच. मेलेल्या मानसाला म्या काय अडवू? तिला तरी लांब पाठवते."

म्हणजे घरात सगळे ज्याला भूत समजत होते त्याला ही बाई एकटीच ओळखत होती, आणि ओळखत होती म्हणूनच सगळ्यांत जास्त घाबरलेली होती. मी त्यांना खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. या यंत्राला एक घर शिकवता येतं. ज्या जागेकडे वळवून अमुक बटण दाबून ठेवाल, ती जागा त्याच्या ध्यानात राहते. वीज गेली, परत आली की ते एक गिरकी घेऊन त्याच जागी जातं. आप्पा असताना आत काही नाही म्हणून घुमटाकडे कुणी बघायचंच नाही, आणि लाईट येताच ते वर येऊन दांडा हातात घ्यायचे, म्हणून यंत्र आपोआप फिरतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता हातात घेणारं कुणी नाही. शिकवलेलं तेवढं राहिलंय. पलीकडून आता कुणी बघत नाही.

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही. मी बघितलं ते शेवटचं."

"मग शिकवलेलं इसरवता येतंय का?"

येतं म्हणालो. दांडा दाखवला. हात लावायला त्या तयार होईनात. मग पदराचं टोक बोटांवर घेऊन त्यांनी तो धरला, तापलेलं भांडं धरतात तसा. जरा ढकलला. खाली घरघर झाली, धाकटीचा चेहरा सरकला आणि चौकटीतून गेला. ब्लाऊजपीसचे गठ्ठे गेले, आरसा गेला, दार, रस्त्यावरची रिक्षा, रिक्षात बसलेला माणूस. आई चित्र बघून दचकल्या. एवढं सगळं दिसत होतं त्यात, आणि त्या माणसाने दोन वर्षं एकच चौकट बघितली होती.

"कुठं ठेवू?" मी विचारलं.

दांडा त्यांच्याच हातात होता. पांढरी गादी आली, तिच्यामागचा फोटो आला, हार आला. तिथे त्या थांबल्या. "हितं," त्या म्हणाल्या. "बघू दे सोताला."

मी चित्र जवळ घेतलं. आप्पांचा चेहरा चौकटीत भरला. मी बटण दाबून धरलं.

मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. खाली काही सांगायचं नाही. लेकरांचा बाप आहे, दुकानाची पाटी त्यांच्या नावाची आहे, नातीच्या सोयरिकीचं बघायचंय. धाकटी आता जात नाही, ते मी बघते. मी शब्द दिला. तिला तिची जागा मिळत होती ना, मग मेलेल्याची अब्रू चव्हाट्यावर मांडून काय करायचंय, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला मोकळं वाटलं. आप्पांच्या नावाने बोंब ठोकायची माझीही छाती नव्हती.

खाली आलो. थोरला गल्ल्यापाशी उभा, आजूबाजूचे दुकानदार जमलेले. "काय निघालं?"

"वायर ढिली होती," मी म्हणालो. "मशीन आहे, दुसरं काही नाही. पाठवलेली वीज वाट चुकत होती."

असलं काही नसतं. पण मेकॅनिकने तोंड वाकडं न करता सांगितलं की लोकांना पटतं. थोरल्याने मेन बंद केला आणि चालू केला. घुमटात घरघर झाली. दुकानातला एकही माणूस हलला नाही. डोळा फिरला, ब्लाऊजपीसवरून गेला, धाकटीवरून गेला, थांबला नाही, आणि गादीवर, फोटोवर येऊन उभा राहिला. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथेच हात जोडले. "आप्पा आपल्या जागी बसले," तो म्हणाला, आणि जमलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. मशीन आहे हे मी सांगून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

वर्षाची आराधना मोठी झाली म्हणे, जंगम आले, पंगती उठल्या. तिचा भाऊ आला तसा एकटाच परत गेला. ती काउंटरवर राहिली. स्वामींनी सांगितलेलं वर्ष संपलं, तरी घुमट कुणी उतरवला नाही. आप्पा शांत झाले म्हणून दर सोमवारी त्याला उदबत्ती ओवाळायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ बरीच थोपटली. परळीतल्या मित्रांना नावं न घेता अर्धी गोष्ट सांगितली, माझ्या हुशारीची तेवढी.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोला ब्लाऊजपीस हवे होते म्हणून धर्मापुरीकडून येताना त्या दुकानात थांबलो. दुपार होती. थोरला जेवायला वर गेलेला. धाकटीने गठ्ठे काढून दिले, रंग दाखवले, मीटरभर कापड मोजून कापलं. मग कापड हातात धरूनच म्हणाली, "दादा, त्या दिवशी वर काय दिसत व्हतं?"

"काही नाही, ताई. धुरकट. सांगितलं ना, वायर..."

"माझ्या डोक्यावर ते दोन साल गुरगुरायचं," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता, भाव सांगावा तसं सांगत होती. "गिऱ्हाईक असलं का गप. दुपारी मी एकटी असले, पदर सावरला, का गुर्र. घाम पुसला, का गुर्र. लहान आवाज असतोय. कुनी जवळ आलं का थांबतोय. मला पैल्या म्हयन्यातच कळलं व्हतं. हितून उठले असते तर घरात बसवलं असतं, म्हून उठले न्हाई."

मी म्हणालो, आईंनी माझ्याकडून शब्द घेतला होता. मी म्हणालो, तुम्हाला इथून जावं लागू नये म्हणूनच. हे मी खरं म्हणून म्हणालो, पण तिच्यासमोर ते फार पातळ झालं.

तिने कापडाची घडी घातली, पिशवीत सरकवली आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. तिच्या मागे भिंतीत तो खिळा होता. समोर, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, आप्पांच्या फोटोला ताजा हार.

"सगळे म्हणतेत, आप्पांची माया व्हती म्हून मला ठिवलं," ती म्हणाली. "सकाळी दुकान उघडलं का पैला हार मीच घालते. जित्ते असताना बघत व्हते तवा कुनालाच दिसलं न्हाई. मेल्यावर समद्या गावाला दिसलं, तर माझाच कायतरी गुन्हा असंल म्हणले. खरं बघितलं ते तुमी एकट्यानंच. आन् तुमी खाली येऊन सांगितलं, वायर ढिली व्हती."